मनगटावर ढकललेलं दुखणं

"हात दुखतोय? मग चांगला माऊस घे." चाकणच्या टूलरूममध्ये डिझाइनला बसणाऱ्या मुलाला हे त्याचे साहेब सांगतात, हिंजवडीतल्या मुलीला कंपनीचं एचआर सांगतं, आणि ग्रामपंचायतीत दाखले काढून देणाऱ्या संगणक परिचालकाला घरची माणसं सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. तरीही हा सल्ला चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं नुकसान माऊसच्या किमतीपुरतं राहत नाही. दुखणं ज्याचं, खर्च त्याचा आणि दोषही त्याचाच, असा हिशेब त्यातून पक्का होतो. काम कुणी आखलं, किती तासांचं आखलं, कोणत्या पद्धतीने करायला लावलं, हे कुणी विचारतच नाही.

मी हे सुदुंबऱ्यातून लिहितो आहे, म्हणून उदाहरणंही इथलीच देतो. मावळातलं हे गाव तळेगाव, देहू आणि चाकण यांच्या मध्ये येतं. संताजी महाराज जगनाडे यांची समाधी इथे आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि अभंग लिहून ठेवणारे लेखनिक, ही त्यांची ओळख वारकऱ्यांना करून द्यायला नको. वि. ल. भावे यांनी तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापला तो त्यांच्याच वह्यांवरून. आज गावात एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि सकाळी इथली तरुण मुलं-मुली चाकण-तळेगावच्या एमआयडीसीकडे निघतात. सगळीच यंत्रापाशी उभी राहत नाहीत. कुणी स्टोअरला एन्ट्री करतं, कुणी डिस्पॅचची बिलं काढतं, कुणी दिवसभर डायची मॉडेलं पडद्यावर फिरवतं. भाताची खाचरं असलेल्या घरातलाही एखादा हात आता दिवसभर माऊसवर असतो.

लिहिणाऱ्या हातांविषयी जुनं वैद्यक काय सांगतं ते आधी पाहू. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 मध्ये कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ काढला आणि 1713 च्या आवृत्तीत लेखनिक व नोटरींवर प्रकरण घातलं. संताजी महाराजांचा काळ तेव्हा नुकताच सरला होता. रामाझ्झिनीने कारणं तीन दिली: सतत बैठक, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. लेखणीचा आकार त्या तिन्हींत येत नाही. त्याच प्रकरणात एका नोटरीची हकीकत आहे. सतत लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला, आणि थोड्याच काळात तेच दुखणं डाव्या हातातही उतरलं. "काही दिवस डाव्या हाताने माऊस वापर" असं आज जे सांगतात त्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. हात बदलल्याने काही काळ आराम मिळेल. पण काम तितकंच आणि तसंच राहिलं, तर दुसऱ्या हाताचीही पाळी येणार आहे.

आता माऊसच्या आकाराकडे वळतो, कारण सगळा विश्वास तिथेच ठेवला जातो.

मनगटाच्या आत आठ छोट्या हाडांची कमान असते आणि तळव्याच्या बाजूने तिच्यावर एक जाड आडवा पट्टा ताणलेला असतो. या दोहोंमधल्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा जातात, आणि त्यांच्या सोबतीने एकच नस जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना या नसेकडे असते. बोगद्यातला दाब वाढून बराच वेळ तसाच राहिला की तिचा रक्तपुरवठा कमी पडतो. मग रात्री मुंग्यांनी जाग येते, माणूस हात झटकत उठून बसतो, सकाळी चहाचा कप धरताना बोटं बधिर वाटतात. हाच कार्पल टनेल सिंड्रोम.

काम करताना हा दाब किती होतो, हे संशोधकांनी प्रत्यक्ष बोगद्यात बारीक नळी घालून मोजलं आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14 निरोगी माणसांना तीन निरनिराळे माऊस दिले होते. नुसता हात माऊसवर टेकवलेला असताना जो दाब होता, त्यात पडद्यावरची वस्तू खेचून न्यायला लागताच पाऱ्याच्या सुमारे 12 मिलिमीटरची भर पडली. खेचतानाचा सरासरी दाब 28.8 ते 33.1 मिलिमीटर भरला. नुसतं टिचकी मारण्यापेक्षा खेचताना दाब जास्त होता. तीन माऊसमध्ये मात्र म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक पडला तो हात काय करत होता यामुळे.

यावर विक्रेत्यांचं उत्तर तयार असतं: ते माऊस जुन्या पद्धतीचे होते, आता उभे माऊस आले आहेत, हस्तांदोलन करावं तसा हात राहतो. ठीक. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं, आणि तेही ज्यांना हा आजार आधीच झालेला आहे अशा रुग्णांवर. साधा माऊस, उभा माऊस, जेलची गादी, तळव्याखाली सरकणारा आधार, सगळं वापरून पाहिलं. उभ्या माऊसने मनगट करंगळीकडे वाकणं कमी झालं, हे खरं निघालं. बोगद्यातला दाब मात्र एकाही साधनाने कमी झाला नाही.

उभा माऊस निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पालथा हात सतत पिळलेला राहिल्याने कोपराखालचा भाग ज्यांचा भरून येतो, त्यांतल्या अनेकांना त्याने बरं वाटतं, आणि ज्याला बरं वाटतं त्याने तो खुशाल वापरावा. माझं भांडण "हे घेतलं की तुझा प्रश्न मिटला" या आश्वासनाशी आहे. महिना पंधरा हजारांवर काम करणाऱ्या मुलीने हजारो रुपये त्यासाठी मोडायचे, आणि तरी दुखणं थांबलं नाही की तिलाच विचारायचं, नीट धरतेस ना? डावखुऱ्या मुलाला तर उजव्या हाताच्या घडणीचा माऊस हातातही धरता येत नाही. मग दोष काय त्याच्या हाताचा?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माऊस वापरणाऱ्या प्रत्येक दुखऱ्या हातात हा बोगद्याचा आजार नसतो. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांचा वर्षभर पाठपुरावा करून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा आठवड्याला 20 तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत तशा तक्रारी वाढलेल्या दिसल्या. तरी संगणक हे या आजाराचं फार मोठं कारण नाही, असंच संशोधकांनी लिहिलं. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांनीही ही नस दबते. बहुतेकांचं दुखतं ते कोपराखाली, खांद्यात, मानेत. काही जण हा निष्कर्ष पुढे करून म्हणतात, बघा, संगणकाने काही होत नाही. तो निष्कर्ष तसं म्हणत नाही. एका विशिष्ट आजाराबद्दल तो बोलतो. खांदा उचलून आणि हात लांब करून तासन् तास बसल्याने जे स्नायू थकतात, त्यांना वेगळं भारदस्त नाव नसलं म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही.

चाकणच्या कॅड डिझायनरचा दिवस पाहिला तर हे सगळं नीट कळतं. मॉडेल पडद्यावर फिरवायचं तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये माऊसचं चाक दाबून धरायचं आणि तसंच दाबून माऊस हलवायचा. कुठे चाकाबरोबर आणखी एक बटण धरावं लागतं. हे चाक मुळात बोटाने फिरवण्यासाठी केलेलं; त्याची स्प्रिंग साध्या बटणापेक्षा कडक असते. मधल्या बोटाने ते रेटून धरायचं, अंगठा आणि करंगळीने माऊस पकडायचा आणि मनगटातून ओढायचा. म्हणजे प्रयोगात ज्या हालचालीने दाब सर्वांत वाढला होता, तीच हालचाल डायचा एकेक कोपरा तपासताना दिवसभर. वाहन कंपनीच्या मुदतीआधीच्या आठवड्यात ओटी लागते तेव्हा तीच रात्रीपर्यंत. अशा मुलाला कोणता माऊस घ्यावा हे सांगण्याआधी त्याच्या वरिष्ठाने काही गोष्टी करायला हव्यात, आणि त्या वरिष्ठाच्याच हातात आहेत. फिरवण्याची आज्ञा चाकावरून काढून बाजूच्या बटणावर किंवा कीबोर्डवर देता येते. डाव्या हातासाठी वेगळा थ्रीडी कंट्रोलर मिळतो. मॉडेल तो हात फिरवतो आणि उजवा फक्त निवड करतो. टेबल कोपराच्या उंचीला आणता येतं. बाजूला आकड्यांच्या कळा नसलेला कीबोर्ड दिला तर माऊस वीतभर जवळ येतो आणि खांदा खाली उतरतो. आणि डिझायनरला दिवसातून काही वेळ शॉपफ्लोअरवर पाठवता येतं, आपण काढलेली डाय मशिनवर कशी बसते ते पाहायला. त्याचं ड्रॉइंगही त्याने सुधारेल.

हात टेकण्याच्या आधाराबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचं आहे, कारण पुरावा त्याच्या बाजूने त्यातल्या त्यात बरा आहे. कार्यालयीन कामगारांवरच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने जो आढावा घेतला, त्यात पूर्ण कोपराखालच्या हाताला आधार आणि सोबत वेगळ्या घडणीचा माऊस दिल्यावर मान-खांद्याचे विकार कमी होण्याची शक्यता दिसली. आधार कोपराखालच्या पूर्ण हाताला हवा, हे लक्षात घ्या. बाजारात मिळते ती मनगटाखालची जेलची गादी माऊस हलवताना दाबून वापरली तर उलट त्या बोगद्यावरच भार येतो. ती विसाव्यापुरती ठीक. लाकडी फळी टेबलाला लावून हा आधार गावातला सुतारही करून देईल. पण तो टेबलाचा भाग आहे, आणि टेबल कंपनीचं आहे.

आता दुसरा आक्षेप. तो गावात जास्त ऐकू येतो, आणि मला तो मनाला लागतो. "आमच्या बाया आषाढात चिखलात वाकून भात लावतात, दिवसभर खुरपतात. त्यांनी कधी मनगट धरून रडगाणं गायलं? ही पंख्याखाली बसणारी पोरं नाजूक झालीत." हे बोलणाऱ्यांनी आपल्या घरातल्या त्या बाईला एकदा रात्री विचारावं, बोटांना मुंग्या येतात का, म्हणून. तिचंही दुखतं. तिने सांगितलं नाही, कारण विचारलं कुणी नाही आणि सांगून कामाला सुट्टी मिळणार नव्हती. तिच्या न बोललेल्या दुखण्याचा पुरावा करून तिच्याच मुलीला गप्प करणं हा त्या दोघींवरही अन्याय आहे. शिवाय इंद्रायणी भाताची लावणी काही दिवसांत आटोपते, मग बेणणी, कापणी, झोडणी. प्रत्येक कामात अंग वेगळं वापरलं जातं. बिलिंगच्या खुर्चीत चैत्र काय आणि भाद्रपद काय, हालचाल तीच.

आणि ही दोन कामं वेगळ्या माणसांची आहेत हेही खरं नाही. डेटा एन्ट्रीवरून परतलेली सून कपडे पिळते, भाकरी थापते, गोठ्यात धार काढते. तिचा नवरा चाकणच्या वाहतूककोंडीत दुचाकीची मूठ पिळत घरी येतो. नस हा सगळा भार एकत्रच सोसते. म्हणून काही मालक म्हणतात, बघा, दुखणं घरच्या कामाचं, मोबाइलचं, गाडीचं, आमचं काय? घरच्या कामाची वाटणी बदलायला हवी, त्यात वाद नाही. पण दिवसाचे जे आठ-नऊ तास मालकाच्या ताब्यात असतात त्यांचं उत्तर मालकानेच द्यायचं आहे. बाहेरून थकून येणाऱ्या हाताला कामावर कमी ताण पडावा, असाच त्याचा अर्थ निघतो.

सॉफ्टवेअरच्या आखणीबद्दल आपण कधीच बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. टॅलीवर काम करणारा मुरलेला हिशेबनीस पाहा. एफ8 दाबून विक्रीची नोंद, एंटर, एंटर, पुढची नोंद. त्याचा हात माऊसकडे क्वचितच जातो, कारण ते सॉफ्टवेअर कीबोर्डवर चालेल असंच बांधलं आहे. त्याच्या बोटांना आणि मानेला त्रास होतच नाही असं नाही, पण माऊसचा भार टळतो. आता गावातलं सेवा केंद्र पाहा. सातबारा काढायला महाभूलेखवर जिल्हा निवडा, तालुका निवडा, लांबलचक यादीतून गाव निवडा, गट नंबर द्या, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं भरा. सर्व्हर अडकला की पुन्हा पहिल्यापासून. पीक कर्जाच्या किंवा शाळाप्रवेशाच्या दिवसांत दारात रांग लागलेली असते, आणि रामाझ्झिनीने सांगितलेला तिसरा ताण, चूक होऊ नये याचा, समोर उभा असलेला माणूस देत असतो. मागची निवड लक्षात ठेवणारं, टॅबच्या कळीने पुढे सरकणारं पान बांधायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. राज्यभरातल्या हजारो परिचालकांच्या हातावरचा भार एका ठिकाणी बदल करून उतरवता येईल. यांतल्या प्रत्येकाने आपापला माऊस बदलावा हे सांगणं सोपं आहे, म्हणून ते सांगितलं जातं.

"मनाचं आहे, ताण घेऊ नका" असं म्हणणाऱ्यांशी मी फार वाद घालणार नाही. ताणाने दुखणं वाढतं, हे खरं आहे. पण तो ताण रोजच्या टार्गेटमधून येत असेल तर उपाय टार्गेटवर करायला हवा.

मालकांचा मुख्य आक्षेप विश्रांतीला असतो: दर तासाला उठू दिलं तर काम कोण करणार? याचं उत्तर अमेरिकेतल्या प्राप्तिकर खात्याच्या डेटा एन्ट्री कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिलं आहे. त्यांना नेहमीच्या दोन सुट्ट्या होत्याच. त्यात, ज्या तासांत सुट्टी नव्हती त्या तासांत पाच-पाच मिनिटांची भर घातली. दिवसाला 20 मिनिटं. अंगदुखी आणि डोळ्यांचा शीण कमी झाला, आणि 20 मिनिटं कमी काम करूनही दिवसाच्या नोंदी घटल्या नाहीत. नुकसान होईल ही भीती होती, तिला आधार सापडला नाही.

आपला कायदा याबाबतीत कुठे आहे? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी ठेवली. जेवणासाठी ती ठीक होती. माऊसवरच्या हातासाठी पाच तास म्हणजे फार उशीर. युरोपीय समुदायाने 1990 मध्येच पडद्यावरच्या कामाबद्दल निर्देश काढून मालकावर जबाबदारी टाकली, की हे काम अधूनमधून विश्रांतीने किंवा कामाच्या बदलाने खंडित होईल असंच आखायचं. आपल्याकडे 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या व्यावसायिक आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा तिच्यात होता. वारंवार एकच हालचाल करून दुखावलेल्या हाताला तिच्यात जागा नव्हती. ज्याची नोंदच होत नाही ते दुखणं सरकारच्या दृष्टीने घडतच नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतली कामाची दैनिक मर्यादा 9 तासांवरून 10 वर, आणि कारखान्यांतली 9 वरून 12 वर नेण्याला मंजुरी दिली. त्यावर चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि ओटीच्या पैशांची. वाढलेल्या तासांत हाताचं काय होणार, हा प्रश्न कामगार संघटनांनीही ठासून विचारल्याचं मला दिसलं नाही.

ज्याला आत्ता मुंग्या येत आहेत त्याने मात्र कायद्याची वाट पाहू नये. अंगठ्याकडच्या तीन बोटांना रात्री बधिरपणा येत असेल, हातातून वस्तू सुटत असतील, अंगठ्याच्या बुडाशी मांस झडल्यासारखं दिसत असेल, तर मलम चोळत बसण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा, सांगितली तर नसेची तपासणी करा, साखर आणि थायरॉइड पाहून घ्या. सुरुवातीला रात्री मनगट सरळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्याने अनेकांना गुण येतो. उशीर झाला तर शस्त्रक्रिया करून तो आडवा पट्टा कापावा लागतो आणि तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

आणि डॉक्टरांनी दिलेला कागद कामाच्या ठिकाणी दाखवा. फुकटचा माऊस मागण्यासाठी दाखवू नका. दर तासाला पाच मिनिटं, कोपराच्या उंचीचं टेबल आणि हाताला पूर्ण आधार या तीन गोष्टी लेखी मागण्यासाठी दाखवा. एकट्याने मागितलं तर नाजूक ठरवतील, म्हणून खात्यातल्या सगळ्यांनी मिळून मागा. कामगार विभागाकडे माझी मागणी याहून मोठी नाही: दहा तासांची मुभा ज्या नियमांतून दिली जाईल, त्याच नियमांत पडद्यावरच्या कामासाठी तासागणिक विश्रांती आणि वर्षातून एकदा हातांची तपासणी मालकाच्या खर्चाने बंधनकारक करा, आणि या दुखण्याला व्यावसायिक आजारांच्या यादीत जागा द्या.